उतरत जाणारा आवाज

ही गोष्ट खरी आहे.

पटली तर घ्या, नाही तर सोडून द्या. मला कुणाला पटवत बसायची हौस नाही. आधी दोन-चार जणांना सांगितली, तर हसले लेकाचे. हसा म्हटलं. ज्याचं जळतं त्यालाच कळतं.

भुताची गोष्ट म्हटली की लोकांना अमावास्येची रात्र लागते. पिंपळ लागतो, रडणारं कुत्रं लागतं. यात त्यातलं काहीच नाही. यात आहे अमेरिकेतलं एक चकचकीत हॉस्पिटल. मिनेसोटात, ईडन प्रेरी नावाच्या गावाजवळ. साल २००४. दिवाळीच्या आधीचे दिवस. आणि वेळ म्हणाल, तर भर दुपारची.

भुतं रात्रीच येतात, असं तुम्हाला कुणी सांगितलं?

जिच्याबरोबर हे घडलं ती माझी सख्खी मावसबहीण. लतिका. माझ्याच वयाची, मूळची नागपूरची. खोटं बोलायची तिला सवय नाही. आयुष्यात एकदाच बोलली. त्याचीच ही गोष्ट.

लतिका तिकडे भूल द्यायची.

“म्हणजे डॉक्टर का?” असं आपल्याकडे सगळे विचारतात. नाही हो. नर्स. तिकडे नर्स पुढे शिकते, परीक्षा देते आणि स्वतः भूल देते. ऑपरेशन सुरू झाल्यापासून संपेपर्यंत पेशंटच्या उशाशी बसायचं, हे तिचं काम. सर्जन पोटात बघतो. ही माणसाकडे बघते.

आता कोविडनंतर बोटाला लावायचा तो चिमटा घरोघरी झालाय. ऑक्सिजन किती आहे ते सांगणारा. पण हॉस्पिटलातल्या मोठ्या मशीनच्या चिमट्याला आवाज असतो. हृदयाच्या प्रत्येक ठोक्याला एक.

टिंग... टिंग... टिंग...

रक्तात ऑक्सिजन भरपूर असेल, तर हा आवाज वरच्या पट्टीत येतो. ऑक्सिजन कमी व्हायला लागला की आवाजही खाली उतरायला लागतो. एकेक पायरी. खाली... खाली...

लतिका म्हणायची, “मला मशीनच्या पडद्याकडे बघावंच लागत नाही गं. पाठ असली तरी कान तिकडे असतो. स्वयंपाकघरात काम करताना पाळण्यातल्या बाळाकडे कसा असतो, तसा.” त्या आवाजावर तिचा जीव होता. आवाज जरासा उतरला की बोलता बोलता तिचा हात आपोआप श्वासाच्या नळीकडे जायचा.

तिच्या हॉस्पिटलात एक डॉक्टर होता. लिंडक्विस्ट नावाचा. उंच, देखणा, जिभेवर साखर. त्यानं एक संशोधन काढलं. म्हणे, ऑपरेशन थिएटरमध्ये गोंगाट फार. सगळी मशीनं सारखी कोकलत असतात, त्यामुळे माणसं कुठल्याच आवाजाकडे लक्ष देत नाहीत. तेव्हा काही ऑपरेशनांत तो चिमट्याचा आवाज चालू ठेवायचा आणि काहींत, धोक्याच्या घंटेसकट, पार बंद करायचा. नुसता पडदा बघायचा. कुठल्या पेशंटला आवाज आणि कुठल्याला नाही, ते चिठ्ठ्या टाकल्यासारखं कॉम्प्युटर ठरवणार. शेवटी बघायचं, काही फरक पडतो का.

हेतू वाईट नव्हता, हे मी कडू तोंडानं का होईना, कबूल करते. गोंगाट असतोच. हॉस्पिटलच्या समितीनं परवानगीही दिली होती. सगळं कसं नियमात बसवून. माणूस मारायला नियम मोडावाच लागतो असं कुठंय?

मीटिंगमध्ये लतिका म्हणाली, “आवाज बंद म्हणजे माझे कान काढून घेतल्यासारखं आहे.”

लिंडक्विस्ट गोड हसला. म्हणाला, “तुला तसं वाटतं. वाटणं वेगळं आणि खरं वेगळं, म्हणून तर अभ्यास करायचा.”

अभ्यास सुरू झाला.

वर आणखी एक काम तिच्या गळ्यात पडलं. अभ्यासात पेशंटला घ्यायचं, तर त्याची सही लागते. आपली म्हातारी माणसं इंग्रजी कागद बघितले की बिचकायची. मग हॉस्पिटलवाले लतिकाला पुढे करायचे. जा, तुझ्या भाषेत समजाव.

अशातच सुलभाकाकू आल्या.

निमिष आणि राधिका, दोघंही पुण्याचे, ईडन प्रेरीत सॉफ्टवेअरमध्ये. काकू म्हणजे निमिषच्या आई. सहा महिन्यांसाठी मुलाकडे आलेल्या. बोलक्या, कामसू. आल्या आल्या साऱ्या महाराष्ट्र मंडळाच्या काकू होऊन बसल्या. गणपतीत उकडीचे मोदक त्यांनी केले आणि लतिकाला शेजारी बसवून कळ्या पाडायला शिकवलं. “नर्सचे हात ना गं तुझे? मग अशा जाड कळ्या कशा?” असं म्हणून पाठीत धपाटा घातला.

ऑक्टोबरात काकूंच्या पोटात दुखायला लागलं. पित्ताशयात खडे. दुर्बिणीतून करायचं साधं ऑपरेशन. निमिष म्हणाला, दिवाळीच्या आधी उरकून टाकू.

लतिका कागद घेऊन काकूंपाशी बसली. “काकू, नीट ऐका हं. हा एक अभ्यास आहे. यात तुमच्या मशीनचा आवाज कदाचित बंद ठेवतील. तुम्ही नाही म्हणालात तरी चालेल. ऑपरेशनवर काही...”

“अगं, पण तू असशील ना तिथे?”

“मी असेन.”

“सगळा वेळ?”

“सगळा वेळ, काकू.”

“मग झालं तर! आण इकडे. कुठे करू सही?”

अमेरिकनांनी पानंच्या पानं खरडली होती. धोके लिहिले होते, हक्क लिहिले होते. काकूंनी एक पान उलटलं नाही. आपल्याकडे कागद कुणी वाचत नाही, कागद आणणाऱ्याचं तोंड बघतात. आपलीच पोर आहे, ती कशाला वाईट सांगेल? एवढ्यावर आपली माणसं सही ठोकतात. आणि हे लिंडक्विस्टला पक्कं ठाऊक होतं. म्हणून तर तो लतिकाला पाठवायचा.

ऑपरेशनच्या सकाळी कॉम्प्युटरनं चिठ्ठी काढली.

आवाज बंद.

लतिकानं काकूंच्या बोटाला चिमटा लावला. “गार आहे गं,” काकू म्हणाल्या. मग त्यांचे डोळे मिटले.

तिकडे एक पद्धत आहे. ऑपरेशन लांबलं की भूल देणाऱ्याला सुट्टी द्यायला दुसरा येतो. थकल्या-भुकेल्या माणसाच्या हातून चूक होते, म्हणून ही पद्धत. म्हणजे पेशंटच्याच भल्यासाठी. काकूंचा खडा चिकटून बसला होता, ऑपरेशन लांबलं, आणि डॅरेल आला. जुना माणूस. सज्जन, हुशार. सगळी नवी मुलं त्याच्या हाताखाली शिकलेली.

लतिका म्हणाली, “नको. मी थांबते.”

“सकाळपासून काही खाल्लेलं नाहीस तू,” तो म्हणाला. “पुढे अजून केसेस आहेत. जा, दोन घास खाऊन ये.”

तिनं त्याला सगळं सांगितलं. औषधं कुठली, नळी कुठवर, आणि अभ्यासामुळे आवाज बंद आहे, हेसुद्धा. त्यानं मान हलवली. ती गेली. डबा उघडून उभ्या उभ्या पोळी-भाजी खाल्ली.

तेवढ्यात जे व्हायचं ते झालं.

दुर्बिणीच्या ऑपरेशनला खोलीतले दिवे मंद करतात. सर्जननं त्याची गाणी लावलेली. काकूंचा चेहरा कापडाखाली. डॅरेल पाठमोरा, पुढच्या औषधाची सिरिंज भरत होता. श्वासाची नळी जराशी आत सरकली आणि एका फुप्फुसाची हवा तुटली. एवढंच. हे कुणाच्याही पेशंटला होतं. वेळेत कळलं, तर नळी किंचित मागे घेतली की संपलं.

पण कळणार कसं?

डॅरेलचे कान जन्मभर त्या आवाजावर पोसलेले. आवाज उतरला असता तर तो झोपेतून उठून धावला असता. कानावर वाईट काही आलं नाही, म्हणून त्याच्या मनानं धरलं, सगळं ठीक आहे. पडद्यावर पिवळी पट्टी लुकलुकत होती. त्याच्या पाठीमागे.

लतिका दार ढकलून आत आली. कापडाच्या कडेतून काकूंचा कान दिसत होता.

निळा पडला होता.

पुढचं मी सांगत बसत नाही. छाती दाबली, औषधं दिली, हृदय पुन्हा चालू झालं. काकू मात्र परत आल्या नाहीत. अतिदक्षता विभागात नुसत्या पडून होत्या. वसुबारसेला मशीन काढलं.

हॉस्पिटलची एक बाई लतिकाला बोलावून म्हणाली, “घरच्यांशी जे बोलायचं ते आम्ही बोलू. तू त्यांना सॉरीसुद्धा म्हणायचं नाहीस. सॉरी म्हणजे कबुली.” निमिषला सांगितलं, आईचं हृदय कमजोर होतं, असं होतं कधी कधी. त्यानं विश्वास ठेवला. का नाही ठेवणार? आपली लतिकाताई होती ना तिथे!

डिसेंबरात लतिका पहिल्यांदा त्याच थिएटरमध्ये परत गेली.

सकाळचीच वेळ, पण तिकडे हिवाळ्यात सूर्य उशिरा उगवतो. बाहेर मिट्ट काळोख. आत ती एकटी. पहिल्या पेशंटच्या आधी मशीन तपासायचं असतं. मशीन बंद होतं. वायर गुंडाळून ठेवलेली. प्लग तिच्या हातात होता...

टिंग...

ती थांबली.

टिंग... टिंग...

पडदा काळा. एक दिवा लागलेला नाही. आणि आवाज येतोय. स्वच्छ, वरच्या पट्टीतला. निवांत झोपलेल्या माणसाचा असावा तसा.

तिनं चिमट्याकडे पाहिलं. तो हुकाला लटकत होता. त्याच्या पोटातला लाल दिवा लागला होता.

आणि चिमटा मिटलेला नव्हता...

त्याच्या जबड्यात फट होती. बोटभर.

आवाज उतरायला लागला. एक पायरी. आणखी एक. लतिकाचा हात आपोआप पुढे गेला, नळीकडे. तिथे नळीच नव्हती. तिथे कुणीच नव्हतं.

अर्ध्यात येऊन आवाज थांबला.

चिमटा टक्कन मिटला. लाल दिवा गेला.

तिनं मशीन तपासायला पाठवलं. दुरुस्तीवाला माणूस म्हणाला, काही बिघाड नाही. दिवाळीपासून झोप नाही तुला, असं श्रीराम म्हणाला. श्रीराम म्हणजे तिचा नवरा. स्वभावानं गरीब. मंदीत त्याची नोकरी गेलेली, घर सगळं लतिकाच्या व्हिसावर उभं.

फेब्रुवारीत लिंडक्विस्टनं अभ्यासाचा निकाल सगळ्यांसमोर मांडला. मोठी खोली, गालिचा, कॉफी, केक. पडद्यावर रंगीत रेघा. निकाल काय? आवाज चालू असो की बंद, काही फरक पडत नाही. दोन्हीकडे सगळे पेशंट सुखरूप.

लतिका उभी राहिली. “आणि ती एक केस?”

“कुठली? हां, ती.” त्यानं चष्मा पुसला. “ती काढून टाकली. ऑपरेशन ठरल्याप्रमाणे पूर्ण झालं नाही, त्यामुळे नियमानं ती मोजता येत नाही.”

ऐकलंत? बाई मेली म्हणून मोजायची नाही. आणि मोजली नाही, म्हणून कुणी मेलंच नाही! वा रे संशोधन! माझी आजी म्हणायची, मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणारे असतात. हा तर मढंच नाकारून मोकळा झाला.

लतिका खाली बसली. आणि तेवढ्यात...

टिंग...

गालिच्याच्या खोलीत. जिथे एकही मशीन नव्हतं.

तिनं इकडे तिकडे बघितलं. सगळे केक खात होते. कुणाला काही नाही. फक्त समोरच्या रांगेतल्या डॅरेलनं कॉफीचा कप खाली ठेवला. तो मान वर करून छताकडे बघत होता. आवाज उतरत गेला, तसा त्याच्या चेहऱ्यावरचा रंगही उतरत गेला.

अर्ध्यात आवाज थांबला.

बाहेर बोळात त्यानं तिला गाठलं. “तुलाही?” एवढंच विचारलं.

तिनं मान हलवली.

“मला चर्चमध्ये येतो,” तो म्हणाला. “प्रार्थनेच्या वेळी. मध्येच थांबतो. पुढे जातच नाही. तो थांबतो कशासाठी, लतिका?”

पुढच्या आठवड्यात डॅरेलनं नोकरी सोडली. कुठे गेला, कुणाला पत्ता नाही. फोन बंद.

मग आवाज घरी यायला लागला. दुपारी कुकर लावताना. कपड्यांच्या घड्या घालताना. एकदा गाडीत, रेडिओ बंद असताना. श्रीरामनं धुराच्या अलार्मचे सेल काढले. मायक्रोवेव्ह काढला. घड्याळं काढली. तरी यायचा. आवाज आला की तिच्या उजव्या हाताचं पहिलं बोट गारठायचं. श्रीरामनं एकदा ते हातात धरलं आणि झटक्यात सोडलं. “अगं, हे काय! बर्फ आहे नुसता!” त्या दिवसापासून तो भास म्हणायचा थांबला.

मी तेव्हा न्यू जर्सीत राहायचे, तिनं तिथे फोन केला. मी तिच्यावर उखडलेच. म्हटलं, “निमिषला खरं सांगून टाक. बस झालं. हॉस्पिटल गेलं खड्ड्यात!”

“नोकरी जाईल, सुवर्णा. व्हिसा जाईल. श्रीरामला घेऊन कुठे जाऊ मी?”

“आणि हे असं किती दिवस?”

लतिका हळूच म्हणाली, “काकू कुणाला घाबरवत नाहीयेत गं. त्या फक्त थांबल्यात. मी काय बोलते, त्याची वाट बघतायत.”



मार्चमधल्या एका रविवारी लतिका निमिषकडे गेली. दुपारी. छपरांवरचा बर्फ वितळून टपटपत होता. राधिकानं चहा केला. भिंतीवर काकूंचा फोटो, त्याला हार. निमिष बारीक झालेला, दाढी वाढलेली.

“निमिष,” लतिका म्हणाली, “मला तुझ्याशी बोलायचंय. त्या दिवसाबद्दल.”

टिंग...

सुरू झाला. वरच्या पट्टीत. तिनं कप खाली ठेवला.

“ताई, मलाही बोलायचंय,” निमिष म्हणाला. “बरं झालं आलात. मला रात्र रात्र झोप लागत नाही. ती म्हणत होती, पुण्याला जाऊन करते, आपले डॉक्टर बरे. मीच हट्ट केला. इथे बेस्ट केअर आहे आई, इथेच करू. मीच मारलं तिला.”

“अरे, नाही रे...”

आवाज एक पायरी उतरला.

“मला एकच सांगा.” त्यानं फोटोकडे बघितलं. “परक्या माणसांत तिला फार भीती वाटायची. तुम्ही होतात ना तिथे? सगळा वेळ? तिला सोडून नाही ना गेलात? तेवढंच धरून मी उभा आहे, ताई. बाकी मला काही नको.”

आवाज उतरत होता. पायरी... पायरी... नेहमीच्या जागी आला.

थांबला.

खोलीत काही ऐकू येईना. छपराची टपटपसुद्धा बंद. राधिका दारात उभी. निमिष तिच्या तोंडाकडे बघतोय, बुडणारा माणूस काठाकडे बघतो तसा. सांगायला आली होती ती! गाडीत बसून चार वेळा म्हणून बघितलं होतं. व्हिसा, नोकरी, सगळं जाऊ दे, असं ठरवून आली होती.

“हो रे,” लतिका म्हणाली. “होते मी. सगळा वेळ.”

निमिषनं तिच्या मांडीवर डोकं ठेवलं आणि लहान मुलासारखा रडला. राधिकानं डोळे पुसले. म्हणाली, “थँक यू, ताई.”

आणि आवाज पुन्हा सुरू झाला...

या वेळी तो थांबला नाही. खाली गेला. आणखी खाली. इतका खालचा आवाज लतिकानं कधी ऐकला नव्हता. कुणीच ऐकत नाही. तिथवर पोचायच्या आत माणसं धावतात. हिच्या मांडीवर निमिषचं डोकं होतं, आणि ती बसून ऐकत राहिली. जाड, ओला, जमिनीखालून आल्यासारखा.

टुंग...

टुंग...

मग काहीच नाही.

तिला वाटलं, सुटले. मला फोन करून म्हणाली, “गेल्या गं काकू. शांत झाल्या बहुतेक.” खरं सांगू? मलाही बरं वाटलं. खोटं बोलली तर बोलली, पोराला आधार तर मिळाला. दया की भित्रेपणा, याचा निवाडा मी आजवर करू शकलेले नाही. कधी तिची कणव येते, कधी संताप येतो.

सोमवारी ती कामावर गेली. एका म्हाताऱ्याचं हर्नियाचं ऑपरेशन. अभ्यास संपलेला, आवाज सगळ्यांना चालू. तिनं चिमटा लावला. पडद्यावर रेघ उमटली.

आवाज नाही.

“आवाज मोठा करता का जरा?” ती म्हणाली.

शेजारची नर्स चमकली. “पूर्ण मोठा आहे की.”

“चेष्टा करू नकोस गं.”

“लतिका... सगळ्यांना ऐकू येतोय.”

सर्जननं मान वर केली. सगळे तिच्याकडे बघायला लागले. तिनं मशीनला कान लावला. आतला पंखा ऐकू येत होता. सर्जनची गाणी ऐकू येत होती. बाहेर कुणीतरी ट्रॉली ढकलत होतं, ती ऐकू येत होती. तो आवाज तेवढा नव्हता.

कानाच्या डॉक्टरनं तपासलं. कान उत्तम. टाचणी पडलेली कळते. मेंदूचा फोटो काढला, तोही उत्तम. दुसरं मशीन, दुसरं हॉस्पिटल, सगळं करून झालं. जगातला एक आवाज तिच्यापुरता नाहीसा झाला होता. ज्याच्यावर तिची भाकरी होती, नेमका तोच.

तिनं भूल देणं सोडलं. त्याच हॉस्पिटलात कागदपत्रांचं, टेबलावरचं काम घेतलं. हॉस्पिटलनं आनंदानं दिलं. गप्प राहणारी माणसं कुणाला नको असतात? लिंडक्विस्टचा अभ्यास शिकागोच्या एका हॉटेलात, डॉक्टरांच्या परिषदेत वाचला गेला, टाळ्या पडल्या. पुढे म्हणे तिकडे नियमच झाला, की हा आवाज बंद ठेवायचा नाही. झाला असेल. काकूंना त्याचा काय उपयोग?

आणि निमिष दर भाऊबीजेला लतिकाकडे येतो. न चुकता. पाटावर बसतो, साडी देतो, पाया पडतो. ती ओवाळते. श्रीराम सांगतो, तो गेला की ती ते ताम्हन घासत बसते. तासन् तास.

इथवर मी ऐकलेलं सांगितलं. आता डोळ्यांनी बघितलेलं सांगते.

२००८ चा उन्हाळा. माझी मालिनीमावशी, म्हणजे लतिकाची आई, तिच्याकडे आलेली. तिला न्यूमोनिया झाला. दुसऱ्या एका हॉस्पिटलात ठेवलं. मी न्यू जर्सीहून गेले. दुपारची वेळ, खिडकीतून ऊन येत होतं. मावशीला डोळा लागला होता, बोटाला चिमटा. लतिका खुर्ची अगदी चिकटवून बसलेली. मावशीचा तोच हात तिच्या दोन्ही हातांत. मी खिडकीशी संत्रं सोलत होते.

टिंग... टिंग... टिंग...

मशीन चालू होतं. खरंखुरं. मी कान देत नव्हते. मला काय कळतंय त्यातलं?

मग आवाज जरासा बदलला.

मला वाटलं, मला नुसतं तसं वाटतंय. पुन्हा एक पायरी खाली. आणखी एक. माझे हात थांबले. लतिका उठेल, असं मी धरून चालले. जन्म गेला तिचा यात. ती बसली आहे ना उशाशी.

मी वळून बघितलं.

लतिका मावशीच्या केसांवरून हात फिरवत होती. माझ्याकडे बघून हसली. “बघ ना,” हळू आवाजात म्हणाली, “किती दिवसांनी शांत झोपलीये.”

मावशीचे ओठ निळे झाले होते...

मी अशी किंचाळले, की बोळातून दोन नर्स धावत आल्या. मास्क, मशीन, धावाधाव. लतिका भिंतीला टेकून उभी होती. “काय झालं? काय झालं, सुवर्णा?”

मावशी वाचली. संध्याकाळी तिनं डोळे उघडले. लतिका तेव्हाही तिथेच होती. दिवसभर पाण्याला उठली नव्हती, मावशीचा हात सोडला नव्हता. मी साक्षीला आहे.

मावशीनं तिच्याकडे बघितलं. मग म्हणाली, “आलीस होय गं? दुपारभर किती हाका मारल्या तुला. कुठे गेली होतीस मला टाकून?”

औषधाची गुंगी आहे, असं मी लतिकाला सांगितलं. तिनं ऐकलं, मान हलवली आणि पुन्हा आईचा हात हातात घेतला. मावशीनं तो काढून घेतला.